बॅरॅक लेनमधली थाळी

डेस्मंडच्या फाटकाला त्या सकाळी त्याचंच कुत्रं टांगलेलं होतं. गळ्यात वायर, पोट फाडलेलं. खालची माती ओली झाली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

डेस्मंडनं पकडीनं वायर तोडली, कुत्रं गोणपाटात गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्टर मगदूम, निरोप पोचला बरं का."

"कुणाचा निरोप?"

"मी ज्याचं नाव सांगितलं त्याचा."

मी सांगलीकडचा. साखर कारखान्यात पॅनमन होतो. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरणारा माणूस. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या जुन्या कारखान्याला असा माणूस पाहिजे होता, म्हणून मी करारावर तिकडे गेलो आणि बायकोला, रत्नप्रभाला, बरोबर नेलं. बेटाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

आम्ही कारखान्याच्या बॅरॅक लेनमध्ये राहायचो. समोरासमोर लाकडी घरांच्या दोन रांगा, वर पत्रे, खिडक्यांना जाड झडपा, आणि घरांच्या मागं लगेच ऊस. आमचं घर गल्लीच्या शेवटी होतं. वरचा मजला फक्त आमच्या घराला होता. डेस्मंड आणि व्हर्ना गल्लीच्या मध्यावर राहायचे. तो उसाचा ट्रक चालवायचा. व्हर्ना सकाळी तळलेले पाव विकायची. रत्नाला इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, व्हर्नाला मराठीतलं 'बस' आणि 'चहा' एवढंच यायचं, पण दोघी दुपारभर एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसायच्या.

त्या महिन्यात निवडणूक झाली आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांची दुकानं जाळायला लागली. बंदराजवळच्या तेलाच्या डेपोवर पहारेकऱ्याला कोयत्यानं तोडला. डेस्मंड ट्रक घेऊन तिथून चालला होता. त्यानं तोडणाऱ्याला ओळखलं आणि पोलिसांना त्याचं नाव सांगितलं. तो माणूस सापडला नाही. त्यानंतर आठवड्यात हे कुत्रं.

त्याच दिवशी दुपारी रेडिओवर जाहीर झालं. सगळ्या बेटावर संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत संचारबंदी. बाहेर दिसेल त्याला सैनिक गोळी घालतील.

"झालं," डेस्मंड म्हणाला. आम्ही चौघं व्हर्नाच्या स्वयंपाकघरात होतो. "आता सरकारच माझी राखण करणार. सहाच्या पुढं बाहेर पडला की गोळी. मग ते येणार कसे?"

मी ते रत्नाला मराठीत सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"त्याला म्हणावं, संचारबंदीत साधी माणसं घरात बसतात. बाहेर राहतात ते दोनच, पोलीस आणि मारायला निघालेले. एरवी रस्त्यावर चार माणसं तरी बघणारी असतात. आता तीही नाहीत."

रत्नाचं माहेर यंत्रमागाच्या गावातलं. त्या गावात दर दोन-चार वर्षांनी दंगल व्हायची. शाळेत जायच्या वयात तिनं समोरच्या घरातला शिंपी जळताना बघितला होता. आमच्या लग्नानंतर ती मला एकदाच त्याबद्दल बोलली होती. त्या दुपारी मात्र ती भराभर बोलत सुटली आणि मी भाषांतर करत राहिलो.

"पाणी आत्ताच भरा, सगळ्या भांड्यांत. पिंपात गोणपाटं भिजत घाला. पेटता बोळा आत आला तर पाणी मारायचं नाही, गोणपाट टाकायचं. तिखटाचा डबा दाराजवळ. कागदपत्रं पोटाला बांधा. खिडकीजवळ निजू नका. आणि पायातली चप्पल काढायची नाही, झोपतानासुद्धा."

"चप्पल कशाला?" व्हर्नानं विचारलं.

"काचांवरून पळताना कळतं कशाला ते."

व्हर्ना हसली. "मिस रत्ना, आम्हाला आत बसायला शिकवू नकोस गं. दरवर्षी वादळ येतं. पाणी भरतो, झडपा ठोकतो, बायबल मांडीवर घेतो आणि बसतो. हे तसंच."

"वादळ नाव विचारत येत नाही," रत्ना म्हणाली. "हे विचारत येणार."

मी ते सांगितलं तेव्हा व्हर्नाचं हसणं गेलं. तिनं डेस्मंडकडे बघितलं. तो खिळ्यांचा डबा हलवत होता.

मग रत्नानं कुलपाचं सुचवलं. आमच्या समोरचं क्वार्टर रिकामं होतं. तिथला फोरमन निवडणुकीआधीच बायकोमुलांना घेऊन निघून गेला होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. डेस्मंडनं रोज सहाच्या आत मागच्या झडपेतून तिथं शिरायचं. येणारे आधी त्याच्या घरी जातील, मग शेजारी शोधतील, पण बाहेरून कुलूप असलेलं दार कोणी फोडत बसत नाही. व्हर्नानं आपल्या घरीच राहायचं. घर मोकळं दिसलं तर ते समजतील.

"म्हणजे बायको एका घरात आणि मी कुलपात," डेस्मंड म्हणाला. "लफडं केल्याशिवायच शिक्षा."

"तू लफडं करायला गेलास तरी घोरण्यावरून सापडशील," व्हर्ना म्हणाली. "तिथं तरी तोंड मिटून नीज."

"आणि बाहेर कधी यायचं? सकाळपर्यंत त्या खोक्यात शिजत बसू?"

रत्ना म्हणाली, "मध्ये काही झालंच तर आमच्या वरच्या मजल्यावरून मला दिसतं. धोका गेला की मी कळवीन."

मी ते त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. व्हर्नानंही डोलावली. कसं कळवणार, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्या संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला आणि गल्लीतल्या सगळ्या झडपा एकापाठोपाठ बंद झाल्या. आम्ही जैन. सूर्य बुडायच्या आत जेवून चूल आवरायची हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मी रत्नाला म्हणालो, "आपल्या घरात कायमची संचारबंदीच आहे की." ती हसली नाही. तिनं दाराला पलंग लावला. रात्री बंदराच्या बाजूला आभाळ तांबडं होतं. आमच्या गल्लीत कुणी आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळीही भोंगा झाला. डेस्मंडला समोरच्या कुलूपबंद घरामागं जाताना मी बघितला. त्याच्या हातात पाण्याची बाटली आणि पंखा म्हणून डब्याचं झाकण होतं. उन्हाची तिरीप अजून उसाच्या शेंड्यांवर होती.

रत्ना वरच्या मजल्यावरच्या झडपेच्या फटीतून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "वारा आहे का?"

"नाही."

"मग ऊस का हलतोय?"

मी तिच्या शेजारी जाऊन बघितलं. व्हर्नाच्या घरामागच्या उसात एक रेघ हलत येत होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी. मग माणसं बाहेर आली. आठ-नऊ असतील. दोघांकडे बंदुका होत्या, बाकीच्यांकडे ऊसतोडीचे कोयते. एकाच्या हातात पेट्रोलचा कॅन होता. त्यांनी तोंडं बांधलेली नव्हती. तोंड बांधायची गरज वाटत नाही असा माणूस जास्त वाईट, हे मला तेव्हा कळलं.

ते व्हर्नाच्या मागच्या दाराशी गेले. पहिली लाथ बसली. दार टिकलं. आतून व्हर्नाचा आवाज आला नाही.

रत्ना खाली पळाली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात माहेरून आणलेली काशाची थाळी आणि लाटणं होतं.

"हे काय?"

"थाळी वाजवते."

"अगं, त्यांना कळेल आपण बघतोय."

"कळू दे. एकानं वाजवली की गल्ली वाजते. गल्ली वाजली की पोलिसांना लांबून ऐकू जातं. आमच्याकडं असंच वाचलो आम्ही."

तिनं व्हरांड्याचं दार उघडलं आणि थाळीवर लाटणं मारलं. काशाचा आवाज फार लांब जातो. व्हर्नाच्या दाराशी असलेली माणसं थांबली. त्यांनी वर बघितलं. बंदूकवाल्यानं बार काढला. व्हरांड्याच्या खांबाचं लाकूड उडालं आणि माझ्या गालात ढलपी घुसली. मी रत्नाला खाली ओढलं. ती पालथी पडून वाजवत राहिली.

थोडा वेळ फक्त तिचीच थाळी आणि दारावरच्या लाथा ऐकू येत होत्या. मग समोरच्या रांगेतून एक भांडं वाजलं. पातेलं असावं, आवाज बद्द होता. मग आणखी एक. मग आमच्या शेजारी.

रत्नानं माझा हात धरला. तिचा चेहरा उजळला होता. "कळलं त्यांना. बघा, कळलं."

मग दारं उघडायला लागली.

सगळ्यात आधी म्हातारे मिस्टर पियर बाहेर आले. पायात सपाता, हातात पातेलं आणि डाव. ते आपल्या पायऱ्या उतरून गल्लीत आले आणि उभे राहून वाजवायला लागले. त्यांच्या मागून त्यांची सून. मग पलीकडच्या घरातल्या दोघी बहिणी. सगळे आभाळाकडे बघत होते, एकमेकांना हात करत होते. व्हर्नाच्या घराच्या मागची माणसं त्यांना दिसत नव्हती, आणि बाराचा आवाज त्या दिवसांत रोजचाच झाला होता.

रत्ना उठून उभी राहिली. "आत जा," ती ओरडली. "दारं लावा. आत जा." मराठीतून. तिच्याजवळ जेवढं इंग्रजी होतं ते सगळं त्या क्षणी गेलं. मी इंग्रजीतून ओरडलो. भांड्यांच्या आवाजात माझं कुणाला ऐकू गेलं नाही. मिस्टर पियरनी आम्हाला बघून डाव वर केला आणि जोरात वाजवलं.

आणि डेस्मंड आला.

कुलूपबंद घराच्या कडेनं तो गल्लीत आला. शर्टाची बटणं उघडी, सगळं अंग घामेजलेलं. त्यानं आमच्याकडे वर बघितलं. दोन्ही हात पसरले. मग हातातल्या डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरला आणि आपल्या घराच्या दिशेनं चालायला लागला.

त्याच वेळी व्हर्नाच्या घराचं पुढचं दार आतून उघडलं. मागचं दार मोडलं होतं. एकानं व्हर्नाला केसांना धरून पायऱ्यांवर आणली. तिच्या तोंडावर रक्त होतं. डेस्मंड आणि ते यांच्यात आता एका घराचं अंतर होतं.

रत्ना जिन्यावरून खाली पळाली. मी तिच्या मागं. खाली दाराला पलंग लावलेला होता, तो तिनं एका हातानं ओढला. तेव्हा तिच्या अंगात कुठून ताकद आली मला माहीत नाही.

आम्ही बाहेर आलो तोपर्यंत पहिला घाव बसला होता. डेस्मंडनं हात वर केला होता, घाव हातावर बसला. दुसरा मानेवर. ऊस तोडायचा कोयता आहे तो. उसाच्या बुडात बसतो तसा बसला आणि ओढून काढावा लागला. डेस्मंड गुडघ्यावर आला. त्याच्या तोंडावर अजून काही कळलं नसल्यासारखं होतं.

व्हर्नानं धरणाऱ्याच्या मनगटाला चावा घेतला आणि ती सुटून नवऱ्यावर पडली. कोयतेवाल्यानं पुन्हा हात उचलला. रत्नानं दोघांच्या वर थाळी धरली. कोयता थाळीवर आपटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. थाळी चिरत तो रत्नाच्या बोटांवर उतरला.

मी त्या माणसाच्या अंगावर गेलो. मी आयुष्यात कुणाला मारलेलं नव्हतं, मुंगीसुद्धा वाचवून चालायची सवय आम्हाला. मी त्याचं डोकं फाटकाच्या खांबावर आपटलं आणि आपटत राहिलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सैनिकांचा ट्रक आला. त्यांना भांडी ऐकू गेली होती.

त्यांनी काही विचारलं नाही. संचारबंदी होती आणि माणसं बाहेर होती. त्यांनी गोळ्या झाडल्या. कॅनवाला पडला, एक बंदूकवाला पडला, बाकीचे उसात घुसले, माझ्या हातून सुटलेला कोयतेवालाही. मिस्टर पियर आपल्या पायऱ्यांपर्यंत पोचले होते. त्यांच्या पाठीत गोळी लागली. पातेलं पायऱ्यांवरून खणखणत खाली आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

रत्नानं डेस्मंडच्या मानेवर पदराचा बोळा दाबून धरला होता. तिच्या हाताचं रक्त आणि त्याचं रक्त एकच झालं होतं. ती त्याला मराठीत सांगत होती, "थांब रे बाबा, थांब." तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी उठल्यावर मी व्हर्नाकडे गेलो. रत्ना कारखान्याच्या दवाखान्यात होती. दोन बोटं अर्धी गेली होती. व्हर्ना मागच्या मोडक्या दारात बसून, रात्री डेस्मंडला आणून ठेवला होता तिथली जमीन घासत होती. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मी खाली बसलो आणि दुसरा ब्रश घेतला.

घासता घासता मी विचारलं, "तो बाहेर का आला? सगळे बाहेर का आले?"

तिनं हात थांबवले. "म्हणजे? तिनंच बोलावलं ना."

"कुणी?"

"मिस रत्नानं. वादळ गेलं की ज्याची झडप आधी उघडते तो भांडं वाजवतो. ऐकणारा आपलं वाजवतो. म्हणजे आम्ही जिवंत आहोत, वादळ गेलं, बाहेर या. माझ्या आजीच्या आजीपासून. तिनं सांगितलं होतं ना, धोका गेला की कळवीन. मी आतून ऐकलं आणि म्हटलं, ही वेडी झाली काय, ते तर माझ्या दाराशी आहेत."

मी तिला सांगितलं. रत्नाच्या माहेरी थाळी कशासाठी वाजते ते. थाळी वाजली की कड्या लागतात, पोरं माळ्यावर जातात, बाहेर असलेला पळत आत येतो. रत्नानं पाण्यापासून चपलांपर्यंत सगळं सांगितलं होतं. थाळीचं सांगायचं तिला सुचलं नव्हतं. जन्मापासून माहीत असलेलं कोण कुणाला सांगतं?

व्हर्नानं बादलीतलं लाल पाणी बाहेर ओतलं.

"हे तिला माहीत आहे?"

"नाही. मलाच आत्ता कळलं."

"सांगू नका," ती म्हणाली. "त्याला कोयत्यानं मारला. कोयता कुणाच्या हातात होता ते मी बघितलंय. ती तर माझं दार वाचवायला वाजवत होती." तिनं ब्रश उचलला. "तुम्ही तुमच्याकडची बाजू घासा. तिथं अजून आहे."

आम्ही परत आलो. सांगलीत घर केलं. रत्नाच्या माहेरची माणसं तिचा हात धरून बघायची आणि मला सगळं विचारायची. मी सांगायचो की डेस्मंडनं थाळी ऐकली आणि आपला जीव धोक्यात घालून आम्हाला वाचवायला बाहेर आला. ऐकणारे हळहळायचे. रत्ना उठून आत जायची. तिला ती आठवण सहन होत नाही, असं मी समजायचो. चिरलेली थाळी तिनं कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

मग बऱ्याच वर्षांनी मार्चमधला तो रविवार आला. सगळा देश घरात बसला होता. संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी गच्चीवर, दारात येऊन थाळ्या वाजवायच्या होत्या. आमची गल्ली दुपारपासून तयारीत होती. शेजारच्या चौगुल्यांची सून हाक मारून गेली, "काकू, या की बाहेर. तुमची पण थाळी आणा."

पाच वाजले आणि गल्ली वाजायला लागली. मी एक स्टीलची थाळी घेऊन दाराकडे निघालो. मागून खिडक्या लागल्याचा आवाज आला. रत्नानं एकेक खिडकी लावली, माझ्या बाजूनं पुढं येऊन दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. तिच्या पायात चपला होत्या.

"अगं, हे डॉक्टरांच्या कौतुकासाठी आहे."

"ठाऊक आहे मला."

मी तिच्या शेजारी बसलो. बाहेर माणसं हसत होती, शिट्ट्या मारत होती. दाराच्या फळीतून आवाज पाठीला लागत होता.

"थाळी वाजली की माणसं बाहेर येतात," रत्ना म्हणाली. "आमच्या गावात तेवढी आत जायची."

मी हातातली थाळी जमिनीवर ठेवली.

"तुम्ही सगळ्यांना सांगता तो वाचवायला आला म्हणून. तो हसत आला होता हो. मी वरून बघत होते. मरणाच्या वाटेवर धावणारा माणूस हसत येत नाही." तिनं आपला अर्ध्या बोटांचा हात दुसऱ्या हातात घेतला. "तेव्हाच कळलं मला. जिना उतरतानाच."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं जपून सांगत होता." बाहेरचा आवाज कमी होत चालला होता. "व्हर्नाला कळवा, मला माहीत आहे म्हणून. तिला एकटीला लपवून ठेवायला नको."

मी त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रत्नाचा आजार निघाला आणि दवाखाने सुरू झाले.

रत्ना गेल्या हिवाळ्यात गेली. दहनाहून परत आल्यावर मी व्हर्नाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी तिला आधी रत्ना गेल्याचं सांगितलं, मग तिचा निरोप सांगितला.  

"फोन ठेवू नका," व्हर्ना म्हणाली.

तिची पावलं ऐकू आली, म्हातारी, पाय ओढत चालणारी. झडप उघडल्याचा आवाज आला. मग एक भांडं वाजलं.

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. ती वाजवत राहिली. बऱ्याच वेळानं, लांब, कुणीतरी दुसरं भांडं वाजवायला लागलं.